निषेध कोणी करायचा?

हिंदी मुलखात फिरताना मराठी माणसाला तिथल्या काही पाट्या उगाच आंदोलक वाटतात. दारावर 'प्रवेश निषेध', जिन्यापाशी 'धूम्रपान निषेध'. आत येणाऱ्यांविरुद्ध आणि बिड्या ओढणाऱ्यांविरुद्ध कोणीतरी चार घोषणा दिल्या, पाटी ठोकली आणि मंडळी पांगली, असा भास होतो. आपल्याकडे त्याच जागी 'मनाई' असते, बहुतेक वेळा 'सक्त मनाई'. पाटी लावणाऱ्याच्या हाती काही सत्ता आहे, पावतीपुस्तक आहे, निदान एखादा चिडका रखवालदार आहे, हे त्या शब्दावरून कळते. 'निषेध' म्हटले की मराठी कानाला याच्या अगदी उलटे ऐकू येते. सत्ता आपल्या हाती नाही, घडायचे ते घडून गेले आहे आणि आता आपण चौकात उभे आहोत.

एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ कसे आले, हा नुसता कोशाचा प्रश्न असता तर भाषाभ्यासकांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण सकाळी वर्तमानपत्र उघडावे तर मंत्री निषेध करत आहेत, पालकमंत्री तीव्र निषेध करत आहेत, आणि ज्या खात्याच्या अखत्यारीत प्रकार घडला त्या खात्याचे प्रमुखही त्यात मागे नाहीत. तिथे हा गोंधळ भाषेचा राहत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. ज्याला रोखता येते त्याने रोखावे. निषेध हा ज्याला रोखता येत नाही त्याचा शब्द आहे, आणि तो सत्ताधाऱ्याने वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या शिधापत्रिकेवर धान्य उचलणे.

शब्द जुना आहे आणि त्याच्या नात्यागोत्यात गुराखीही सापडतो. तो ज्या 'सिध्' धातूपासून आला त्याच्या पाणिनीच्या धातुपाठात एकाहून अधिक नोंदी आहेत. एकीतून 'सिद्ध' आणि 'सिद्धी' आले, म्हणजे काम फत्ते होणे. दुसरीचा अर्थ जाणे. उपसर्ग लागला की त्याच जाण्याचे परतवणे, वळवणे, अडवणे होते आणि 'स'चा 'ष' होतो. पण अर्थ नुसत्या गतीचा असेल तर 'स' तसाच राहतो, असा अपवाद सांगणारे एक छोटेसे सूत्र पाणिनीने केले आहे. त्यावर 'काशिका' या टीकेतली उदाहरणे मोठी गमतीची आहेत. गुरे हाकायची असतील तर 'स', आणि शिष्याला नको त्या कामापासून परावृत्त करायचे असेल तर 'ष'. मास्तरकी केलेल्या माणसाला या दोन क्रियांतला फरक जिभेच्या टोकाएवढाच असल्याचे ऐकून नवल वाटणार नाही. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र गृहीत आहे. वळवणाऱ्याच्या हातात काठी आहे.

पुढे मीमांसकांनी हा शब्द आपल्या कामाला जुंपला. लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रहा'त वेदवाक्यांचे पाच वर्ग येतात: विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद. विधी माणसाला कामाला लावतो, निषेध त्याला कामापासून मागे फिरवतो. नेहमीचे उदाहरण कलंज न खाण्याचे. कलंज म्हणजे नेमके काय, यावर एकमत नाही. विषारी बाणाने मारलेल्या प्राण्याचे मांस असे कोणी म्हणतो, कोणी लसणाची जात असे म्हणतो. काय खायचे नाही हे धड ठाऊक नसताना ते न खाण्याची चर्चा शतकानुशतके चालली, हे आपल्या परंपरेला शोभणारेच आहे.

पण याच मीमांसकांची एक अट फार मोलाची. निषेध करायचा तर ती गोष्ट घडण्याचा संभव हवा. अग्निचयनाच्या प्रकरणात एक वाक्य येते. अग्नी पृथ्वीवर रचू नये, अंतरिक्षात रचू नये, द्युलोकात रचू नये, असा त्याचा आशय. पृथ्वीचे समजू शकते, पण आकाशात वेदी बांधायला कोण निघाला होता? जे कोणी करूच शकत नाही ते करू नका असे वेद कशाला सांगेल? यावर बराच खल करून त्यांनी निकाल दिला की हा निषेध नव्हेच. सोन्याचा तुकडा ठेवून त्यावर अग्नी रचावा असे पुढे सांगायचे आहे, त्या सोन्याची ही आडवळणाने केलेली स्तुती आहे. म्हणून तो अर्थवाद. रोखण्याचे बळ ज्या वाक्यात नाही त्याला निषेध म्हणायचेच नाही, अशी ही शिस्त. आजच्या निषेधपत्रकांना ती लावली तर त्यांतली बहुतेक अर्थवादात जमा होतील. स्तुती कोणाची, ते पत्रकाखालच्या सह्यांवरून ठरवावे.

मराठीतही हा जुना अर्थ अगदीच मेलेला नाही. 'त्याला कसलाच विधिनिषेध नाही' असे आपण बेधडक म्हणतो, आणि ज्याच्याबद्दल म्हणतो तो काही आंदोलनांचा कंटाळा आलेला माणूस नसतो. पण सुटा 'निषेध' तिथून निसटला. कारण उघड आहे. दरबार, महसूल आणि न्यायनिवाडा यांची भाषा फारसी-अरबी वळणाची झाली आणि रोखण्याचे सगळे काम 'मनाई' व 'बंदी' यांनी वाटून घेतले. जकातनाक्यावर, वेशीवर, कचेरीत निषेधाला कोणी विचारीना. तो पोथीत आणि शास्त्र्यांच्या तोंडी उरला. मोल्सवर्थच्या कोशाने (पहिली आवृत्ती १८३१) त्याचा अर्थ मनाई असाच नोंदवला. पण कोशात जागा असणे वेगळे आणि हाताला काम असणे वेगळे. सभा, ठराव आणि वर्तमानपत्रे यांचा काळ आला तेव्हा हा भारदस्त शब्द जवळपास रिकामाच बसला होता.

इंग्रजीतल्या 'प्रोटेस्ट'ला आपण हा शब्द दिला, आणि तो देताना जे केले ते शेजाऱ्यांनी केलेले नाही. प्रोटेस्टच्या मुळाशी लॅटिनमधले साक्ष देणे आहे. जर्मनीतल्या स्पायर इथे १५२९ साली भरलेल्या सभेत अल्पमतात पडलेल्या काही राजांनी आणि नगरांनी बहुमताच्या निर्णयाविरुद्ध आपले म्हणणे जाहीरपणे नोंदवले. त्यावरून प्रोटेस्टंट हे नाव पडले. त्यात अडवणे नव्हते. आम्ही या पापात सामील नाही, याला देव आणि जग साक्षी, एवढेच होते. बंगालीने त्यासाठी 'प्रतिवाद' घेतला, म्हणजे उलट बाजू मांडणे. कन्नडने 'प्रतिभटने' घेतला, त्यात समोर उभा ठाकलेला भट, म्हणजे योद्धा आहे. हिंदीत 'विरोध' आहे, आणि सरकारी सुरात 'कडी निंदा'. ही निंदा मराठी कानाला कुचाळकीसारखी लागते, कारण आपल्याकडे निंदा पाठीमागे करायची असते. आपण घेतला तो मात्र थेट रोखण्याचा शब्द. ज्या प्रजेला काडीचेही काही रोखता येत नव्हते तिने आपल्या नापसंतीला असे नाव दिले. भाषांतरातली ढिलाई म्हणून याकडे बोट दाखवता येईल. मला त्यात मिजास दिसते, आणि ती आवडते. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले तेव्हा काळी निशाणे दाखवणाऱ्यांनी त्यांना परत जा म्हणून बजावले. व्याकरणाने पाहिले तर ती आज्ञा होती, आणि ती देणाऱ्यांच्या हाती निशाणापलीकडे काही नव्हते.

शब्दाच्या या दोन अर्थांची समोरासमोर गाठ पडली ती महाडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा बोले या सदस्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तो आपल्या हद्दीत लागू केल्याचे ठरवले. कागदावर सगळे खुले झाले आणि चवदार तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेला समाज तळ्यावर जाऊन पाणी प्याला. मग मारहाण झाली, आणि मग तळ्याची 'शुद्धी' झाली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा सनातन्यांनी दिवाणी न्यायालयात धाव घेऊन तात्पुरता मनाईहुकूम मिळवला.

इथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. एका बाजूला स्मृतीतले निषेध, म्हणजे कोणी काय शिकू नये, काय धारण करू नये, कुठे बसू नये. दुसऱ्या बाजूला कोर्टाची मनाई. एक दोन हजार वर्षांचा, दुसरी दहा-बारा दिवसांची, आणि दोन्ही वरून आलेली. खाली जमलेल्या हजारो माणसांनी कोर्टाचा हुकूम मोडला नाही, तळ्यावर जाणे तहकूब केले. पण २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीची प्रत जाळली. ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. जुन्या अर्थाच्या निषेधांचे बाड नव्या अर्थाच्या निषेधात जळाले. तळ्याचा दावा पुढे चालत राहिला आणि उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. नवा निषेध कायद्याच्या भाषेत उतरायला दहा वर्षे लागली.

महाडच्या सनातन्यांनी निषेधाची सभा भरवली असती तर आज ती कोणाच्या लक्षातही राहिली नसती. त्यांना तिची गरज नव्हती. बलिष्ठांना नापसंती व्यक्त करायची असते तेव्हा ते हा शब्द उच्चारत नाहीत. ते पाणी बंद करतात, दुकानातले मीठ बंद करतात, मयताला खांदा द्यायचे नाकारतात. त्यासाठी मराठीत 'वाळीत टाकणे' हा वेगळा प्रयोग आहे, आणि तो ऐकताना कोणालाही घोषणा आठवत नाही. कोकणातल्या गावक्यांपासून जातपंचायतींपर्यंत हे शस्त्र इतके चालत राहिले की राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ च्या जुलैपासून अमलात आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या नापसंतीवर तुरुंगवासाचे कलम लावावे लागते तिला दात होते हे उघड आहे. निषेधाला दात नसतात, म्हणूनच तो करायला परवानगी मिळते.

दात नसलेल्या या निषेधाचा कागद कसा असतो, हे वर्तमानपत्राच्या कचेरीत काही वर्षे बातम्या घासलेल्या माणसाला विचारावे. मी त्यांतलाच. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पत्रके येऊ लागत. 'सदर घटनेचा संघटनेतर्फे जाहीर निषेध करण्यात येत आहे.' करणारा कोण, ते वाक्यात नाही, कारण सगळे कर्मणीत आहे. कर्ते शेवटच्या परिच्छेदात भेटतात. 'यावेळी अमुक, तमुक, आदी उपस्थित होते.' त्या 'आदी'त कोणाचे नाव गेले यावरून दुसऱ्या दिवशी फोन येई. मूळ घटनेत काही चुकले म्हणून सहसा येत नसे. निवेदनाची दुसरी प्रत तहसील कार्यालयात जाते. तिथला आवक-जावकचा कारकून मान वर न करता तिच्यावर शिक्का मारतो, क्रमांक टाकतो, आणि पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो काढून मंडळी चहाला जातात. घोषणेचे व्याकरणही या कामाला सोयीचे आहे. 'निषेध असो' यातला 'असो' 'विजय असो' मधल्यासारखा जोरकस म्हणायचा. पण मराठीत विषय गुंडाळतानाही 'असो'च म्हणतात, आणि पुष्कळदा मला दुसराच ऐकू आला आहे.

तरीही या कागदांची टवाळी करून हात झटकावेत असे मला वाटत नाही. तालुक्याच्या गावातल्या आठ जणांना दिल्लीतले काय रोखता येणार? त्यांच्याकडे बोलण्यापलीकडे काही नाही, आणि बोलल्याबद्दल किंमत मोजावी लागण्याची शक्यता आहेच. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थनेत उभे केले. त्याने आणीबाणी एक दिवसही लवकर उठली नसेल. पुढे त्यांना मात्र तुरुंगात जावे लागले. निषेधाचे वजन त्याने काय थांबले यावर मोजायचे नसते, करणाऱ्याला तो केवढ्याला पडला यावर मोजायचे असते.

या शब्दाचा सगळ्यात अचूक वापर हल्ली मला चेष्टेत सापडतो. गणपतीत पुण्यातल्या कोणीतरी मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर उकडीच्या मोदकांचे छायाचित्र टाकावे, वर तुपाची धार दिसत असावी, आणि न्यू जर्सीतून किंवा दुबईहून एकाच शब्दाचे उत्तर यावे: 'निषेध!' यात हेवा आहे, माया आहे, आणि मोदकापर्यंत आपला हात पोचत नाही याची कबुली आहे. असहायतेची इतकी नेमकी जाण भल्याभल्या पत्रकांत नसते. तोच मित्र त्या पंगतीत पाट मांडून बसला असता, पानात पाच मोदक वाढून घेतले असते आणि मग 'निषेध' म्हणाला असता, तर त्याला कोणीही वेडा ठरवले असते.

नेमके हेच मंत्री करतात. पोलीस ज्यांच्या हाताखाली आहेत ते कोठडीतल्या मृत्यूचा निषेध करतात. ज्यांनी पुलाची तपासणी करवून घ्यायची ते पूल पडल्यावर हळहळ आणि निषेध यांचे मिश्रण प्रसृत करतात. ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर सत्ताधारी आमदारही घोषणा देत उभे होते, आणि एके दिवशी तिथे विरोधकांशी त्यांची धक्काबुक्की झाली. विरोधकांचे पायऱ्यांवर असणे समजते. सभागृहात त्यांचे बहुमत नसते, पायऱ्याच त्यांच्या. पण सरकार ज्यांचे आहे त्यांनी पायऱ्यांवर येणे म्हणजे आत जे करायचे ते सोडून बाहेर जे म्हणायचे ते म्हणणे. विरोधकांची तीच एक जागा, तीही वाटून घ्यायची.

यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. राज्यकर्त्याच्या शब्दाला वजन असते. दंगल झाली, कोणाला जमावाने मारले, आणि मुख्यमंत्री गप्प राहिले, तर ते मौन मारणाऱ्यांना संमतीसारखे वाटेल. तेव्हा त्यांनी निषेध केलाच पाहिजे. मान्य. मौनापेक्षा शब्द बरा. पण राज्यकर्त्याच्या पोतडीत शब्दांचा तुटवडा नाही. 'जबाबदारी माझी' हा शब्द आहे, 'माफी' आहे, 'निलंबन' आहे, 'गुन्हा दाखल' आहे. या प्रत्येकाने काहीतरी अंगाला चिकटते. 'निषेध' तेवढा काहीच चिकटू देत नाही, वर बोलणाऱ्याला पीडितांच्या रांगेत नेऊन उभे करतो. तो एवढा लाडका का, याचे उत्तर तिथेच आहे.

आणि सत्तेत असताना निषेध करायचाच असेल तर त्याची रीत आपल्याकडे ठाऊक नाही असे नाही. हिंदू कोड बिलाची सरकारने केलेली हेळसांड हे एक मोठे कारण देऊन डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, आणि ज्या पद्धतीने निर्णय घेतला गेला तिच्यावर लोकसभेत कोरडे ओढले. दोघांनी आधी खुर्ची रिकामी केली, आणि मगच आपल्यासारख्यांच्या शब्दावर हक्क सांगितला. एवढे मोजायची तयारी नसेल तर खुर्चीत बसून जुन्या अर्थाचा निषेध करावा. काठी हातात आहेच.

तसे घडल्याचे उदाहरण आहे, पण ते सांगताना बरे वाटत नाही. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षे निवेदने दिली, मोर्चे काढले, उपोषणे केली. मसुदे झाले, बदलले, पातळ झाले, अधिवेशनामागून अधिवेशने गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्या दिवशी राज्यकर्त्यांनीही निषेध केला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते त्यानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला त्या पुलावर जमू लागले. तपास पुढे सरकावा, एवढेच त्यांचे मागणे होते. पुण्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला मे २०२४ मध्ये. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. पुलावर येणाऱ्यांना ना तपास करता येत होता, ना कायदा. ज्यांना कायदा करता येत होता त्यांनी खुनानंतर चार दिवसांत वटहुकूम काढला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो कायदा म्हणून मंजूरही केला. म्हणजे हे काम चार दिवसांचे होते.